पद्मिनी घ्या, पण मुलीची एफडी मोडून नको

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकांनी विचारलंय: १९७९ ची प्रीमियर पद्मिनी १ लाख २० हजारांना मिळतेय, मेकॅनिक दुरुस्तीचे १ लाख ८० हजार सांगतोय. मुलीच्या प्रवेशासाठीच्या ६ लाखांच्या एफडीतून ३ लाख काढू का? प्रवेश दोन वर्षांवर आहे, महिन्याला १५ हजार शिल्लक पडतात. जुन्या गाडीची किंमत वाढतेच, म्हणजे ही गुंतवणूकच, असं त्यांचं म्हणणं.

गाडी जरूर घ्या, एफडीला हात लावू नका. आणि गुंतवणूक म्हणून तर अजिबात घेऊ नका. पद्मिनी काही दुर्मीळ नाही. पत्र्यावर घातलेला पैसा विकताना क्वचितच परत येतो. हा छंदाचा खर्च आहे आणि छंदाला खर्च करणं गैर नाही.

मेकॅनिकचा आकडा बहुधा इंजिनाचा असतो. १०८९ सीसीचं हे इंजिन मुंबईच्या टॅक्सीत २०२३ पर्यंत धावलं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग शोधत बसावं लागत नाही. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे इंजिनाचे झिजलेले भाग घासून नीट करणं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. पैसा खातो तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या (सिल), पायाखालचा फ्लोअर, डिकीतली स्टेपनीची जागा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बॉडीला जिथे जोडतात ती टोकं गंजली असतील तर रंग कितीही चकचकीत असो, गाडी सोडा. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी भरलेली पुट्टी आहे. जॅक लावल्यावर दार नीट बसेना झालं तर सिल गेलीय. गाडी सांगलीतलीच असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कुठे उभी होती ते विचारा, दाराचे पॅड काढून आत गाळ आहे का बघा.

दुरुस्ती दीडपट धरा: २ लाख ७० हजार. आठ महिने १५ हजार बाजूला टाका, गाडीचे पैसे जमले. पुढचे अठरा महिने महिन्याला तेवढेच १५ हजार घालून काम करून घ्या: आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, रंग शेवटी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) सुरुवातीलाच इथेनॉलला चालणारे घ्या.

विसार देण्याआधी आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवर पडताळा, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का पाहा. ५० वर्षं झाल्यावर, म्हणजे २०२९ नंतर, २० हजार रुपये भरून व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग गाडी रोज वापरता येत नाही. दर रविवारी औदुंबरला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

पुढे नफ्यात विकलीत तर? वैयक्तिक वापराच्या मोटारीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण तो वापर सिद्ध करावा लागतो. १९३१ च्या एका फोर्ड टूरर मोटारीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये करदात्याचं म्हणणं याच पुराव्याअभावी फेटाळलं. पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत जा.