एक घर, चार मोबाइल, एकच कॅलेंडर

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या पंधरवड्यात आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला असतो: ॲप आहेत, फोनही आहेत, तरी कोणाला तरी काहीतरी कळतच नाही. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न: घरात चौघं. यांची नोकरी बुटीबोरीला, मुलीचे क्लास, सासूबाईंची फिजिओथेरपी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप टाकते, पण गुड मॉर्निंगच्या गर्दीत ते वर निघून जातात. म्हणून गूगल कॅलेंडर सुरू केलं. मी नोंद केली की माझा फोन वाजतो, यांचा वाजतच नाही. काय चुकून राहिलं? (गृहिणी, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: नोंद सामाईक असते, इशारा सामाईक नसतो. एवढं लक्षात आलं की निम्मा घोळ मिटतो. सामाईक कॅलेंडरमध्ये तुम्ही लावलेलं ‘३० मिनिटं आधी’ हे फक्त तुमच्या फोनपुरतं असतं. प्रत्येकाला आपापल्या फोनवर ते एकदा लावावं लागतं, म्हणून यांचा फोन हातात घेऊनच बसा.

आधी कॅलेंडर त्यांच्यापर्यंत पोचलंय का ते बघा. कॉम्प्युटरवरून नवं कॅलेंडर करून त्यांच्या ईमेलवर शेअर केलं असेल, तर त्यांना एक मेल गेलेला असतो आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय कॅलेंडर त्यांच्या यादीत येत नाही. बऱ्याच घरी तो मेल न उघडता पडून असतो. शेअर करताना ‘मेक चेंजेस टू इव्हेंट्स’ ही परवानगी द्या, नुसतं बघण्याची दिली तर सगळ्या नोंदी तुमच्याच गळ्यात पडतील. ही कटकट नको असेल तर गूगलचा फॅमिली ग्रुप करा. करणारा धरून सहा जण त्यात बसतात आणि ‘फॅमिली’ नावाचं कॅलेंडर सगळ्यांकडे आपोआप दिसू लागतं. मात्र एक माणूस एका वेळी एकाच फॅमिली ग्रुपमध्ये राहू शकतो. दिरांनी यांना आधीच आपल्या ग्रुपमध्ये घेतलं असेल तर पहिलाच मार्ग बरा.

मग त्यांच्या फोनवर कॅलेंडर ॲपच्या तीन रेघा, सेटिंग्ज, आणि तिथे त्या कॅलेंडरचं नाव. ‘सिंक’ सुरू आहे ना ते पाहा. खाली नोटिफिकेशनमध्ये वेळेच्या नोंदींसाठी ३० मिनिटं आणि दिवसभराच्या नोंदींसाठी आदल्या रात्री ९ लावा. या दोन्हींची सेटिंग वेगळी असते. एकच लावली तर ‘फी भरण्याची शेवटची तारीख’ असली दिवसभराची नोंद गुपचूप निघून जाते.

एवढं करूनही फोन गप्प राहिला तर कारण बॅटरीत असतं. शाओमी, रिअलमी, व्हिवो, ओप्पो यांच्या अनेक फोनवर बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद केली जातात. सेटिंग्ज, ॲप्स, कॅलेंडर, बॅटरी असं जाऊन निर्बंध काढा आणि ‘ऑटोस्टार्ट’ दिसत असेल तर ते चालू करा. खात्री अशी करा: तुमच्या फोनवरून बरोबर ३५ मिनिटांनंतरची एक नोंद टाका, यांचा फोन स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवा. पाच मिनिटांनी वाजला तर काम झालं.

कॅलेंडरच्या रंगावर विसंबू नका, तो ज्याचा त्याच्या फोनवर वेगळा असू शकतो. त्यापेक्षा नोंदीच्या सुरुवातीलाच माणूस लिहा: ‘आई – फिजिओ, ५.३०’, ‘ताई – केमिस्ट्री’. आणि व्हॉट्सॲप सोडू नका, फक्त त्याच्याकडून कॅलेंडरचं काम घेऊ नका. तिथे एका ग्रुपमध्ये तीनच निरोप पिन होतात, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. पाहुणे जेवायला किती, हे विचारायला ते उत्तम.

प्रश्न: मुलाची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दर रविवारी बसून सहा नोंदी करायचा कंटाळा येतो. उपाय सांगा. (निवृत्त शिक्षक, हिंगणा रोड)

उत्तर: तीन पाळ्यांचं चक्र असेल तर नोंदी तीनच लागतात. समजा पाळ्या ७ ते ३, ३ ते ११ आणि रात्री ११ ते ७ अशा आहेत. ज्या आठवड्यात पहिली पाळी आहे त्या सोमवारी ७ ते ३ अशी नोंद करा. ‘रिपीट’मध्ये ‘कस्टम’ निवडा, दर ३ आठवड्यांनी, वार सोमवार ते शनिवार. दुसऱ्या पाळीची नोंद पुढच्या सोमवारपासून, तिसरीची त्याच्या पुढच्या सोमवारपासून. रात्रपाळीला संपण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची टाकावी लागते, ती विसरली की ॲप ‘वेळ चुकीची’ म्हणून अडून बसतं.

साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असेल आणि रविवारी काम असेल, तर रविवारची पाळी वेगळी नोंदवा. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, यावर ॲपचा हिशोब बदलतो आणि रविवारची पाळी भलत्याच आठवड्यात जाऊन बसते. सगळं झालं की दोन महिने पुढे जाऊन कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

खरी गडबड पुढे होते. एखाद्या दिवशी मुलगा रजेवर असतो, तुम्ही नोंद काढायला जाता आणि ॲप विचारतं: फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या? घाईत ‘सगळ्या’ दाबलं की सगळी मालिका पुसली जाते. रजेसाठी ‘फक्त ही’, चक्रच बदललं तर ‘ही आणि पुढच्या’. ‘सगळ्या’ला हात लावायची वेळ फारशी येत नाही. या नोंदींना इशारा लावू नका. शिफ्ट मुलाला माहीत असते, तुम्हाला ती फक्त दिसायला हवी.

प्रश्न: सासऱ्यांच्या श्राद्धाला ‘दरवर्षी’ लावून ठेवलं होतं. या वर्षी तारीख साफ चुकली. कॅलेंडर बिघडलं का? (वाचक, महाल)

उत्तर: कॅलेंडर बरोबर आहे, तिथी त्याच्या हिशोबात नाही. ‘दरवर्षी’ म्हणजे इंग्रजी तारीख. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी जवळपास ११ दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलली जाते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. श्राद्ध, तिथीने साजरे होणारे वाढदिवस, महालक्ष्म्या, पोळा, कशालाच ‘दरवर्षी’ चालत नाही.

सोपा मार्ग असा. १ डिसेंबरला ‘नवं पंचांग, तिथ्या टाकणे’ अशी एकच नोंद दरवर्षीसाठी ठेवा. त्या दिवशी भिंतीवरचं नवं कॅलेंडर समोर घेऊन घरच्या दहा-बारा तिथ्या एकेक करून टाका, अर्ध्या तासाचं काम. श्राद्धाला दोन इशारे हवेत: गुरुजींना सांगायला १५ दिवस आधी आणि सामानासाठी २ दिवस आधी.

तिथ्या तीस-चाळीस असतील तर एक्सेलसारख्या शीटमध्ये यादी करून तिची सीएसव्ही फाइल (नुसत्या रकान्यांची साधी फाइल) कॉम्प्युटरवरून आयात करता येते. तिथे दोन गोष्टी हमखास फसतात. रकान्यांची शीर्षकं इंग्रजीतच लागतात आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं जपणारा प्रकार) निवडला नाही तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. तारखेत आधी महिना, मग दिवस लिहा, नाहीतर ५ ऑगस्टची नोंद ८ मेला जाते. घरच्या कॅलेंडरमध्ये थेट आयात करू नका, एक कोरं कॅलेंडर करून त्यात करा. चुकलं तर ते पूर्ण काढून टाकता येतं.

जाता जाता: गूगलच्या तयार सुट्ट्यांच्या यादीत स्थानिक दिवस सापडतीलच असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. महाल-इतवारीत त्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली तर गाडी कुठे लावणार? तो दिवसही हातानेच टाका.

प्रश्न: वीजबिलाला यूपीआय ऑटोपे लावून निर्धास्त होतो. मे महिन्याचं बिल भरलंच गेलं नाही. (वाचक, मनीषनगर)

उत्तर: ऑटोपे लावताना कमाल रक्कम टाकली होती, ती आठवा. बहुतेक जण ती हिवाळ्यातल्या बिलावरून टाकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन कूलर आणि रात्रभर एसी चालला की बिल त्या मर्यादेच्या वर जातं, आणि मर्यादेपेक्षा एक रुपया जास्त असला तरी व्यवहार होत नाही. मागच्या वर्षीच्या मे-जूनमधलं सगळ्यात मोठं बिल काढा. महावितरणच्या ॲपमध्ये १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून जुनी बिलं पाहता येतात. त्यात साधारण चौथाई रक्कम मिळवून नवी मर्यादा लावा. १५,००० रुपयांच्या वरच्या बिलाला पिन टाकावाच लागतो, तिथे ऑटोपेवर सोडून चालत नाही.

दुसरं कारण खात्यातली शिल्लक. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते आणि पगाराच्या आधीचा आठवडा असला की व्यवहार फसतो. म्हणून अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी ‘वीजबिल भरलं का पाहा’ अशी मासिक नोंद ठेवा. बिल निघाल्यापासून सात दिवसांच्या आत भरलं तर एक टक्का सवलत मिळते (कर आणि शुल्क सोडून), तेव्हा ती तारीखही लिहून ठेवायला हरकत नाही. पाणीपट्टी आणि मालमत्ता कराला मात्र ऑटोपे लावण्याची घाई नको. बिल डोळ्यांखालून गेलेलं बरं.

प्रश्न: किराण्याची यादी दोघंही करतो आणि साखर दोनदा येते. (वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये चौकटींची एकच यादी करा आणि दुसऱ्याचा ईमेल त्यात सहभागी म्हणून जोडा. दुकानात एकाने खूण केली की दुसऱ्याला दिसते, पण दोघांकडे नेट चालू हवं. तळघरातल्या मॉलमध्ये रेंज गेली की साखर पुन्हा दोनदा येऊ शकते. महिना संपल्यावर यादी पुसू नका. तीन ठिपक्यांतून ‘अनचेक ऑल आयटम्स’ करा, सगळ्या खुणा निघतात, यादी तशीच राहते. जिन्नसापुढे प्रमाण लिहाच: ‘तूरडाळ २ किलो’, ‘शेंगदाणे १ किलो’. नुसतं ‘तेल’ लिहिलं तर एक जण पाकीट आणतो, दुसरा डबा.

प्रश्न: आईला बीपी आणि शुगरच्या गोळ्या आहेत. फोनमध्ये रिमाइंडर लावलं, पण तिला ऐकूच येत नाही. (वाचक, नंदनवन)

उत्तर: रिमाइंडर नको, घड्याळाच्या ॲपमधला गजर लावा. रिमाइंडरचा आवाज नोटिफिकेशनच्या पातळीवर चालतो, गजराची पातळी वेगळी असते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ असताना रिमाइंडर दबतं, गजर सहसा वाजतो. सेटिंग्जमध्ये अलार्मचा आवाज पूर्ण करा आणि गजराला नाव द्या: ‘नाश्त्याआधी – शुगर’. गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे चिठ्ठीवरून बघूनच वेळ ठरवा. डॉक्टरांनी गोळी बदलली की जुना गजर त्याच दिवशी काढा.

गजर वाजला म्हणजे गोळी घेतली, असं मात्र धरून चालू नका. बटण दाबून गजर बंद होतो आणि माणूस पुन्हा मालिकेत रमतो. सात वारांची खणांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती रविवारी भरा. मंगळवारचा खण संध्याकाळी भरलेलाच दिसला तर कळतं, आणि हे कोणतंही ॲप सांगू शकत नाही. कॅलेंडरला काम द्या ते साठ्याचं: पत्त्यात (स्ट्रिपमध्ये) १५ गोळ्या, रोज एक, दोन पत्ते आणले तर ३० दिवस. २५व्या दिवशी ‘आईची गोळी आणणे’ ही नोंद ज्याच्या वाटेवर दुकान आहे त्याच्या नावाने टाका.

प्रश्न: सगळं माझ्याच खात्यावर आहे. फोन हरवला तर? (वाचक, जरीपटका)

उत्तर: आजच दोन गोष्टी करा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करून बॅकअप कोड काढा, फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला ते लागतात. ८ अंकी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये नको. आणि घरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या एका माणसाला ‘मेक चेंजेस अँड मॅनेज शेअरिंग’ ही परवानगी द्या, म्हणजे तुमचं खाते अडकलं तरी घरच्यांचं काम थांबणार नाही. एटीएमचा पिन आणि पासवर्ड कीपमध्ये लिहिले असतील तर तेही आजच काढून टाका. किराण्याच्या ज्या यादीत कामवाल्या मावशींनाही जोडलंय, त्याच यादीच्या तळाशी पिन लिहिलेला, असं होतं.