हळदीच्या कॅप्सूलने इन्सुलिन रेझिस्टन्स जातो का? मेटफॉर्मिन बंद केलं तर चालेल?

आईला डायबेटिस आहे, इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) कमी व्हावा म्हणून हळदीच्या कॅप्सूल सुरू करून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. बंद करू नका. मिरजेत माझं मेडिकल आहे, काउंटरवर हे रोजचंच. त्यात सांगली जिल्हा हळदीचा. हळदीवर शंका घेतली की गिऱ्हाईक माझ्यावरच संशय घेतं!

हळदीत काही नाही असं नाही. थायलंडमधल्या एका अभ्यासात (2012 साली छापून आला) प्री-डायबेटिसच्या (शुगर वाढलेली, पण अजून डायबेटिस नाही अशा) लोकांना नऊ महिने करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं. त्यांच्यात एकालाही डायबेटिस झाला नाही. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांत 16.4 टक्क्यांना झाला. आकडा भारीच. पण आईचा डायबेटिस आधीच झालेला आहे. शिवाय डोस रोज दीड ग्रॅम करक्युमिनॉइड्सचा (करक्युमिन आणि त्याची भावंडं) होता. हळदीत ते तीन टक्के धरलं तर रोज 50 ग्रॅम हळद झाली. आमटीतल्या चिमटीचं हे काम नव्हे.

म्हणून कॅप्सूलमध्ये अर्क भरतात, आणि तो अंगी लागावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. घोळ इथंच आहे. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस इटली आणि ऑस्ट्रेलियात नोंदल्या गेल्या, सरकारी इशारेही निघाले. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचा, 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं सापडेल. कायद्यानं छापावंच लागतं.

झाडपाला निर्धोक आणि गोळी म्हणजे केमिकल, असं काही नसतं. मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीत आहे. 1957 मध्ये फ्रान्समध्ये ते डायबेटिसवर वापरात आलं. इन्सुलिनला न जुमानता लिव्हर रात्रभर साखर सोडत राहतं, त्याला ही गोळी आवर घालते. ती थांबवली की उपाशीपोटीची शुगर चढणार.

दारुहळदीतलं (ही आपली हळद नव्हे, वेगळी वनस्पती) बर्बेरीन शुगर थोडीफार उतरवतं, पण सोबत ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी असेल तर शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर सुरू होऊ शकते. भिजवलेली मेथी खुशाल द्या. जेवणानंतर आईंना चालायला लावा. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसे अडून न राहता साखर ओढून घेतात, आणि याला दमडी लागत नाही.

तरीही कॅप्सूल द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा, गोळ्या तशाच चालू ठेवा. सुरू करताना आणि तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा. फरक नसेल तर पैसे घालवू नका. मध्येच डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठा.