‘रंगीत संगणक’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे: नासाच्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांच्यावरच्या एका अनुवादित लेखात ‘उपाहारगृहातल्या टेबलावर रंगीत संगणक अशी पाटी असे’ असं वाक्य आलंय. हे बरोबर आहे का?

नाही. दोन शब्दांची पाटी आणि दोन्ही शब्द चुकलेत. मूळ पाटी ‘कलर्ड कम्प्यूटर्स’. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत (पुढे ती नासाची झाली) १९४३पासून कृष्णवर्णीय स्त्रियांना आकडेमोडीसाठी घेतलं गेलं. त्यांचा विभाग वेगळा, जेवायचं टेबलही वेगळं. त्यांच्यातल्याच एक, मिरियम मॅन, ती पाटी उचलून पर्समध्ये टाकायच्या. काही दिवसांनी नवी यायची, तीही नाहीशी व्हायची.

कम्प्यूटर म्हणजे इथे माणूस. इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकापासूनचा. यंत्राने शब्द नंतर बळकावला. इंजिनिअर सूत्र द्यायचा, त्याचे टप्पे पाडून कागदावर रकाने आखले जायचे. वातबोगद्यातल्या, म्हणजे विमानाच्या प्रतिकृतीवर वारा सोडून घेतलेल्या, चाचणीचे आकडे पहिल्या रकान्यांत, मग फ्रायडन किंवा मनरो कंपनीच्या टेबलावरच्या हिशेबयंत्रावर एकेक रकाना पुढे न्यायचा. शेवटी आलेख.

मराठीत खरी पंचाईत पुढे आहे. ‘गणक’ म्हटलं तर जुन्या वाचकाला ज्योतिषी आठवतो, आणि स्त्रीलिंग करायला गेलात तर ‘गणिका’! ‘प्रगणक’ जनगणनेने घेतलाय. ‘मानवी संगणक’ म्हणजे शकुंतलादेवींसारखी तोंडी हिशेबाची करामत, इथे ती अभिप्रेत नाही. ‘गणितज्ञ’ने मान मिळतो, पण ते कामाचं नाव नव्हे. मी ‘गणनाकार’ वापरेन: चित्रकारासारखा, ‘ती गणनाकार होती’ सहज म्हणता येतं. पहिल्यांदा येईल तिथे ‘आकडेमोड करणाऱ्या’ अशी फोड करावी.

‘कलर्ड’चं काय? निवेदनात ‘कृष्णवर्णीय’. पाटीवर मात्र ‘कलर्ड’ तसाच ठेवावा. तो त्या काळचा सरकारी शब्द, आज अपमानकारक. ‘संमिश्रवर्णीय’ करू नका. तो अर्थ दक्षिण आफ्रिकेतला.

म्हणजे वाक्य असं: ‘टेबलावर कलर्ड कम्प्यूटर्स, म्हणजे कृष्णवर्णीय गणनाकारांसाठी, अशी पाटी असे.’

त्याच लेखात अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या १९६२च्या उड्डाणाचा प्रसंग असेल, तर तिथे ‘संगणक’च हवा. आयबीएमच्या यंत्राने काढलेले आकडे जॉन्सनबाईंनी हाताने ताळून पाहिले होते. दोन्हीकडे एकच शब्द ठेवलात तर कोणी कोणाचं तपासलं तेच कळणार नाही.