निम्मी मतं, पण कशाच्या निम्मी?

प्रश्न : आमच्या गावात दारूच्या दुकानासाठी बायकांचं मतदान झालं. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, उभीच्या तिपटीहून जास्त मतं पडली, तरी दुकान चालूच आहे. असं कसं?
– एक भगिनी, खानापूर तालुका, जि. सांगली

मोजणीत गडबड झाली असेल असं वाटत नाही. नियमच तसा आहे. आमदारकीला ज्याची मतं जास्त तो निवडून येतो. बाटलीच्या मतदानात मात्र निम्मे मोजायचे ते पडलेल्या मतांचे नव्हे, मतदार यादीतल्या एकूण नावांचे.

समजा, यादीत १,८४० महिला आहेत. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ९२१ मतं आडव्या बाटलीला हवीत. मतदानाला आल्या १,१३० जणी. आडवी ८८०, उभी २४०, बाद १०. पाचातल्या जवळजवळ चौघी बंदीच्या बाजूने, तरी ४१ मतं कमी पडली. घरी राहिलेल्या ७१० जणी न विचारताच उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्यासारख्या झाल्या.

या ७१० जणी कोण, हे तुमच्या भागात वेगळं सांगायला नको. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर विखुरलेली घरं, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी आणि वारलेल्या आज्या. कुणाचा कायदेशीर परवाना जाणार असेल तर एका दिवसाच्या गर्दीवर तो जाऊ नये, हा नियमामागचा विचार आम्हाला पटतो. पण मेलेल्या माणसाचं नाव दुकानाच्या कामी यावं, हे पटण्यासारखं नाही. म्हणून लढाई मतदानाच्या दिवशी नव्हे, यादीवर लढायची.

पुन्हा मतदानाची मागणी कधी करता येईल ते राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाकडून लेखी घ्या. तोवर मतदार यादीची प्रत घेऊन गल्लीगल्लीत, वस्तीवस्तीवर बसा आणि प्रत्येक नावापुढे खूण करा : गावात, बाहेरगावी, सासरी, मयत. मयत आणि कायमच्या गेलेल्यांची नावं वगळण्यासाठी नमुना ७ भरायचा. मयताच्या अर्जाला मृत्यू दाखल्याची प्रत जोडली की काम लवकर होतं. १८ पूर्ण झालेल्या मुलींची नावं घालण्यासाठी नमुना ६. वरच्या उदाहरणात १२० नावं रीतसर कमी झाली, तर यादी १,७२० ची होते आणि ८६१ मतं पुरतात. तीच ८८० मतं जिंकली असती!

मागणीला २५ टक्के सह्या लागतात, म्हणजे इथे ४६०. तेवढ्यावर थांबू नका, साडेसहाशे घ्या. पडताळणीत दुबार सह्या, यादीत नसलेली नावं, न जुळणारे अंगठे गळतात. प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक लिहा. मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं, पण गलाईवाले गावी येतात ती जत्रा किंवा दिवाळी धरून तारीख द्यावी, असा अर्ज तुम्ही देऊ शकता.

आणखी एक. बायकांना आता मशिनच्या बटणाची सवय आहे. इथे कागदी पत्रिका असते, तिच्यावर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. शिक्का मधल्या रेषेवर पडला की मत बाद. शाई ओली असताना घडी घातली तर तिचा ठसा दुसऱ्या चित्रावर उमटतो आणि मोजणीच्या टेबलावर वाद होतो. घडी अशी घाला की शिक्का कोऱ्या बाजूवर येईल. कोऱ्या कागदावर दोन चौकोन आखून आदल्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत सराव करून घ्या.

प्रश्न : विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत दुसरी पसंती दिली तर आपल्याच उमेदवाराचं नुकसान होतं, असं कार्यकर्ते सांगतात. खरं काय?
– एक वाचक, कराड

नुकसान होत नाही. इथे नावांपुढे पसंतीचे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. तुमचा १ क्रमांकाचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमचा २ कुणी पाहतही नाही. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. वैध मतं एक लाख असतील, तर कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ५०,००१. पहिल्या पसंतीत कुणीच तिथवर पोचला नाही, तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. तुमचाच उमेदवार तळाला गेला आणि तुम्ही २ लिहिला नसेल, तर तुमची पत्रिका तिथेच संपली. उरलेल्यांतला कोण, यात तुमचं म्हणणं राहिलं नाही.

नुकसान होतं ते बाद मतांनी. बरोबरची खूण, फुली, सही किंवा अंगठा चालत नाही. ‘एक’ असं अक्षरात लिहिलेलंही चालत नाही. १ हा आकडा एकाच नावापुढे हवा. खिशातलं पेन वापरायचं नाही. केंद्रावर मिळतो तोच जांभळा स्केचपेन. १, २ नंतर चुकून ४ लिहिला, तर पहिल्या दोन पसंती धरतात, ४ धरत नाहीत.

या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, हे सुशिक्षितांनाही माहीत नसतं. मागच्या खेपेला नाव होतं म्हणून गाफील राहू नका. १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावीत; अर्ज नमुना १८ चा.

प्रश्न : ग्रामसभेला माणसं नसतात, तरी ठराव झालेले दिसतात. किती हजेरी लागते?
– एक वाचक, कोरेगाव तालुका

गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. ६०० मतदारांच्या वाडीत ९० लागतील, ४,००० च्या गावात १०० पुरतात. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नसते. मात्र तिथे नवा विषय घेता येत नाही. म्हणून पहिल्या सभेची नोटीस जपून ठेवा, तिच्यातली विषयपत्रिका आणि तहकूब सभेचं इतिवृत्त शेजारी ठेवून वाचा. इतिवृत्तात वाढलेला विषय दिसला, तर त्यावरची हरकत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.