झिजलेल्या ठशासारखा जाड फाँट लावूनही पोस्टर हाताने छापल्यासारखं का दिसत नाही?

नाटकाच्या पोस्टरवर ओरखडे पडलेला ठळक फाँट लावला, तरी मथळा खोटा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. त्या फाँटमध्ये ‘नवनवीन’ टाइप करून बघा. तिन्ही ‘न’च्या दांड्यांवर एकाच जागी तसाच टवका उडालेला असेल, तर दोष सापडला.

लाकडी खिळ्यांनी, म्हणजे एकेक अक्षर कोरलेल्या छपाईच्या ठोकळ्यांनी, जुळवलेल्या मथळ्यात तीन ‘न’ म्हणजे तीन वेगळे ठोकळे. एकाचा पडून कोपरा उडालेला, दुसरा वापरून झिजलेला, तिसरा अजून कोरा. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकूड कोरायचं यंत्र वापरून असे ठसे मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली. मोठ्या मापाचे शिशाचे खिळे जड आणि महाग पडत. यंत्रातून सारखे निघालेले हे ठसेही छापखान्यात आपापल्या परीनं म्हातारे व्हायचे. नेमकं हेच फाँटमध्ये हरवतं. म्हणून एकेका अक्षराची तीन-चार रूपं देणारा फाँट घ्या आणि ती आलटून पालटून लावा. १९८९ च्या ‘बेओवोल्फ’ फाँटमध्ये तर तेच अक्षर दर वेळी वेगळ्या कडांनी छापलं जायचं. मला ती कल्पना आजही विलक्षण वाटते.

दुसरी खूण शाईची. दाबाखाली शाई कडेला सरकते, त्यामुळे अक्षराची किनार गडद उमटते आणि पोटात कागदाचे पांढरे ठिपके राहतात. साध्या फाँटला एकच रंग. ही किनार त्यात येणार कुठून?

मी लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा, कोरून छापतो, म्हणून माझा सरळ सल्ला: स्वच्छ जाड फाँट घ्या. लिनोच्या सपाट तुकड्यावर रुळाने शाई फिरवून कागदावर ठसा घ्या, तो स्कॅन करा आणि अख्ख्या मथळ्यावर पसरा. डाग एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जातात, कुठलाच पुन्हा येत नाही. शिरोरेघ मात्र अखंड ठेवू नका. खिळे शेजारी शेजारी बसवले की सांध्यावर केसाएवढी फट उरते. अशा दोन-तीन फटी, त्याही कमी-जास्त रुंदीच्या, हाताने पाडा.

खालच्या बारीक मजकुराला हे काही करू नका. तिथे अनुस्वार कुठला आणि डाग कुठला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.