बाबांची एसएलआर, डॅलसमध्ये

‘ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड येऊन तीन वर्षं झाली. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, ७१ला त्यांच्या हातात एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) होती. इथे तशीच नवी रायफल दुकानात मिळते. ती घ्यायची, लाकडी दस्ता बसवून हुबेहूब त्यांच्यासारखी करायची आणि डिसेंबरात ते आले की नेमबाजीच्या रेंजवर त्यांच्या हातात द्यायची, असं मनात आहे. बायको म्हणते, बंदूक घरात आली तर मी माहेरी. मुलगा १४ वर्षांचा आहे. काय करू?’

आधी डिसेंबरचं बोलू. तुमच्या बेतातली खरी भानगड तिथे आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. रेंजवर पाच मिनिटं हातात घेतली तरी ते ‘बाळगणं’च. आपल्या नोकरीच्या एच-१बी आणि शिक्षणाच्या एफ-१ व्हिसावाल्या पोरांनाही हाच नियम लागू आहे. वीकएंडला मित्रासोबत रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या कितीजणांना तो माहीत असतो, देव जाणे. जी रायफल सरकारने हातात दिली, जिच्यासह बाबा लढाईला गेले, तिच्या नकलेला मुलाच्या गावात हात लावायचा नाही!

वाट आहे, आणि ती जरा गमतीची आहे. कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. टेक्सासमध्ये बाहेरच्या माणसालाही तो विकत मिळतो. शिकारीचं शिक्षण घ्यायची अट २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे, म्हणजे बाबा त्यातून सुटले. ससासुद्धा मारायचा नाही, पण परवाना खिशात हवा. रेंजवर जायच्या आधी घ्या, नंतर नव्हे.

आता रायफल. एसएलआर जिच्यावरून आली ती मूळ एफएएल बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, द्यूदोने सेव्ह यांनी आखलेली. नव्वदहून जास्त देशांनी ती वापरली. ६२च्या युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून आपली १ए१ आली, तीच बाबांची एसएलआर. इथे इलिनॉयची डीएस आर्म्स एसए५८ नावाने त्या घराण्यातली नवी रायफल बनवते. मात्र एफएएलचे मापांवरून दोन पंथ आहेत, मेट्रिक आणि इंची. एसए५८ मेट्रिक. ब्रिटिश वळणाची रायफल इंची, आणि आपली ईशापुरी दोन्हींचं कडबोळं. म्हणून ऑनलाइन लिलावात ईशापूरचा जुना दस्ता दिसला की लगेच पैसे भरू नका, तो सरळ बसेलच असं नाही. इंची मॅगझिन तर मेट्रिक रायफलीत जातच नाही.

बसवाबसवीत दुसरीही एक मेख आहे. आयात सुट्या भागांतून अशी रायफल जुळवायची तर कायद्यात २० भागांची यादी आहे, आणि त्यातले १०पेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत. दस्ता, मूठ, पुढचं लाकूड, नळीच्या तोंडावरची जोडणी, सगळं या यादीत. एका मॅगझिनचे तर तीन भाग मोजतात: पेटी, आतली सरकपट्टी आणि तळ. ‘थोडं लाकूड तर लावतोय’ म्हणता म्हणता माणूस सात-आठवर पोचतो. म्हणून सुट्या भागांचा जुना संच आणून जुळवू नका. इथे बनलेली पुरी रायफल घ्या आणि बदललेल्या प्रत्येक भागाची पावती एका फायलीत ठेवा.

नळीला करवत लावायची नाही. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आधी मंजुरी आणि नोंदणी झाल्याशिवाय गुन्हा आहे. शिवाय बाबांची नळी २१ इंचांची होती, आखूड केली तर नक्कल कसली? आणि कोणी ‘हा एक छोटा भाग टाक, सलग गोळ्या सुटतात’ म्हणालं तर तिथून उठून या. बाबांची एसएलआरही एका वेळी एकच गोळी झाडायची.

एवढा धाक का घालतेय? शेजारच्या जन्माने अमेरिकन माणसाकडून अशी चूक झाली तर तो वकील करील, दंड भरील, फार तर तुरुंगात जाईल आणि परत घरी येईल. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या कायद्याखाली शिक्षा झाली तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढता येतं. कार्ड जुनं आहे, घराचे हप्ते चालू आहेत, एवढ्याने मग आपोआप सुटका होत नाही. मी वकील नाही, पण तुमच्या जागी असते तर नागरिकत्व होईपर्यंत पेचकस हातात धरला नसता आणि सगळं काम परवानाधारक गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, करून घेतलं असतं. बंदूक घेताना दुकानात भरायचा ४४७३ नंबरचा फॉर्मही सावकाश वाचा. गांजाचा प्रश्न त्यात आहे. राज्यात चालतो की नाही याच्याशी त्या फॉर्मला देणंघेणं नाही.

तुम्ही एडिसनहून लिहिलं असतंत तर हे उत्तर तीन ओळींत संपलं असतं. न्यू जर्सीच्या १९९०च्या कायद्यात एफएएल नावानिशी बंदीच्या यादीत आहे. उद्या कंपनीने तिकडे किंवा कॅलिफोर्नियात बदली केली तर ही रायफल ट्रकमध्ये टाकून नेता येणार नाही, हे आजच धरून चाला.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग घेऊन जाऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ‘विसरलो’ हे सिद्ध करायला कोर्टात हेलपाटे घालावे लागतात. भाच्यासाठी रायफलीची दुर्बीणही नेऊ नका, तिच्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत.

आता वहिनी. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत आणि तेही हसण्यावारी नेलंत. त्यांना कायद्याची नाही, मुलाची भीती वाटते, आणि ती खरी आहे. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो. १४व्या वर्षी पोराच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फार उशिरा कळतं. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर टेक्सासचा कायदाही पालकाला धरतो. लोखंडी कपाट रायफलीच्या आधी घरात यायला हवं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि कपाटाचा आकडा वहिनी ठरवतील. एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या तर नाही. मग बाबांना परवाना काढून द्या आणि एफएएल भाड्याने देणारी रेंज शोधा. फोन करून विचारा, मोठ्या रेंजवर कधीकधी असते. ७५च्या पुढच्या खांद्याला ७.६२ मिमी काडतुसाचा धक्का दोन-चार गोळ्यांत पुरे होतो, आणि श्रवणयंत्र असेल तर ते काढून कानाचं संरक्षण लावा.

घेतलीतच तर सगळ्यात स्वस्त आणि पूर्ण कायदेशीर सजावट सांगते. फौजेत कोतमधून, म्हणजे शस्त्रांच्या कोठीतून, रायफल निघते ती बट नंबरावर. दस्त्यावर रंगवलेला तो आकडा जवानाला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ असतो. रविवारी फोन कराल तेव्हा सहज विचारा, ‘बाबा, तुमचा बट नंबर काय होता?’ का विचारतोय ते सांगू नका. पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.