डाउन सिंड्रोम असलेला मुलगा ठणठणीत असेल, तरी त्याला दरवर्षी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) तपासणीला न्यायचं का?

न्याच. आमच्या मुलीलाही डाउन सिंड्रोम आहे आणि इंग्लंडमधली ही वार्षिक तपासणी आता तिच्या अंगवळणी पडली आहे. तुमचा मुलगा 15 वर्षांचा आहे, म्हणजे त्याचा हक्कच आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता, जशी डाउन सिंड्रोममध्ये असते) असलेल्यांना एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, ही तपासणी फुकट मिळते, फक्त जीपीच्या लर्निंग डिसॅबिलिटी रजिस्टरवर नाव हवं. शाळेला माहीत आहे म्हणून जीपीलाही माहीत असेल, असं धरून चालू नका. रिसेप्शनवर थेट विचारा. नाव असलं की फ्लूची लसही मोफत.

'तो कधी कसली तक्रारच करत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. मला विचाराल तर न्यायचं खरं कारण तेच. आपली मुलं पोटात दुखतंय म्हणून सांगतीलच असं नाही. जेवण टाकतात, चिडतात, कोपऱ्यात जाऊन बसतात. घरचे म्हणतात हट्टी झालाय, आणि डॉक्टरही कधीकधी 'डाउनमध्ये असं असतंच' म्हणून मोकळे होतात. थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण या मुलांत बरंच जास्त. सुस्ती, वाढतं वजन, कोरडी त्वचा, सगळं आपण स्वभावावर ढकलतो आणि ते रक्ताच्या एका साध्या चाचणीत कळतं. बद्धकोष्ठतेबद्दल बोलायला आपल्याला लाज वाटते, पण ती बाजूला ठेवा. या देशात बद्धकोष्ठतेपायी माणसं दगावली आहेत.

सुट्टीत पुण्याला फुल बॉडी चेकअप होतं, ते पुरेल का? रक्ताचे आकडे मिळतील. पण झोपेत घोरतो का, जेवताना ठसका लागतो का, टीव्हीचा आवाज मोठा करतो का, हे त्या पॅकेजमध्ये कोण विचारणार?

अपॉइंटमेंट घेतानाच जास्त वेळ मागा, शक्यतो दिवसातली पहिली. सुईची भीती असेल तर हात बधिर करणाऱ्या मलमाचं विचारा. संकोच नको, 2010 च्या इक्वालिटी अ‍ॅक्टखाली अशी सोय करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. निघताना हेल्थ अ‍ॅक्शन प्लॅन लेखी घ्या: पुढे काय करायचं, कोणी, केव्हा. आणि डॉक्टर प्रश्न त्याला विचारतील तेव्हा उत्तर त्यालाच देऊ द्या. 16 नंतर संमतीही आधी त्यालाच विचारतात, तेव्हा सवय आत्तापासून झालेली बरी.